जागा शिल्लक नाही

डिस्क भरली आहे, असं कॉम्प्युटरनं सांगितलं तेव्हा शरद उटगीकर एकटेच हसले. डिस्क परवाच आणलेली. तळहातावर मावेल एवढी काळी पेटी, एक वायर, आणि दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलेलं की अंकल, इसमें आपकी पूरी जिंदगी आ जाएगी, फिर भी जगह बचेगी. बॅकअप सुरू करून ते पंख्याखाली बसले होते. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि ती सरकतेय एवढ्यावरच त्यांना बरं वाटत होतं. मग ती थांबली, एक चौकट उमटली. जागा शिल्लक नाही. त्यांनी डिस्क उघडून पाहिली. पडद्यावर एक गोल भाकरी आली. वापरलेल्या जागेची निळी फाक बोटभर, बाकीची सगळी गुलाबी, म्हणजे मोकळी. एकच यंत्र एका तोंडानं जागा आहे म्हणत होतं आणि दुसऱ्या तोंडानं नाही म्हणत होतं. उटगीकरांचं हसू हळूहळू ओसरलं. दोन्ही खरं कसं असेल? कुणीतरी खोटं बोलतंय, आणि यंत्राला खोटं बोलायला कारण नसतं. कारण माणसांना असतं.

त्या डिस्कवर जायचं होतं ते त्यांचं सगळं आयुष्य नव्हे, पण आयुष्यातलं दाखवण्यासारखं होतं ते तेवढंच. मिलच्या डिझाइन खात्यात ते रंग कालवणारे म्हणून लागले आणि पुढे खात्याचे प्रमुख झाले, आणि खातंच उरलं नाही तेव्हा बाहेर पडले. वरच्या मजल्यावरची उत्तरेकडच्या खिडक्यांची खोली. खालच्या साच्यांची, म्हणजे मागांची, धडधड जमिनीतून टेबलात आणि टेबलातून मनगटात चढायची, आणि त्या थरथरीत कुंचल्याची रेघ मात्र हलू द्यायची नाही, ही तिथली खरी विद्या. चादरींची, पडद्यांची, साड्यांच्या काठांची नक्षी. एक तुकडा असा काढायचा की त्याच्याशेजारी पुन्हा तोच ठेवला तर सांधा कुठे आहे ते कळू नये. त्यांच्या चिंचपानाच्या काठाचा सांधा तर छापखान्यातल्या जुन्या लोकांनाही सापडत नसे. मग बाजारात बाहेरचा स्वस्त माल आला, यंत्रमागाचा कपडा आला, दिल्लीहून नवी धोरणं आली, असं लोक म्हणू लागले. आधी एक पाळी गेली, मग दुसरी. एका उन्हाळ्यात साचे थांबले आणि उटगीकरांना आपल्या खोलीत पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला. हा पंखा इतकी वर्षं असा कुरकुरत होता? डिझाइनचे कागद आता रद्दीत जाणार, असं त्या दिवसांत कुणीतरी म्हणालं. त्यांनी ते घरी आणले. एकदम नाही, थोडे थोडे; शर्टाच्या आत, पोटाशी, पट्ट्यात खोचून. कायद्यानं ते मिलचे होते. हे सुहासिनीला, त्यांच्या बायकोला, माहीत होतं आणि तिनं ते कधी तोंडावर आणलं नव्हतं. आशिषनं, मुलानं, पुढे घरात कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणून दिला, बाबा नुसते भिंतीकडे बघत बसतात म्हणून. तेव्हापासून लोकमान्य नगरातल्या त्या पुढच्या खोलीत ते एकेक कागद काचेवर पालथा घालत होते. मोठे कागद तुकड्यातुकड्यानं घेऊन पडद्यावर जोडत होते. कडा झिजलेले, वाळवीनं चाटलेले, घामाचे डाग पडलेले कागद. ते किती टिकतील याचा भरवसा नव्हता, म्हणून कॉम्प्युटर. कॉम्प्युटरचा तरी काय भरवसा, म्हणून ही डिस्क.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बॅकअप लावला. तिथेच थांबला. वायर बदलली, दुसऱ्या भोकात घातली, कॉम्प्युटर बंद करून थंड होऊ दिला, दुपारची लाइट जाऊन परत येईपर्यंत वाट पाहिली. पुन्हा तिथेच. कुठल्या कागदाशी अडतंय ते पाहावं म्हणून त्यांनी फुलांची डिझाइनं आधी घेतली आणि काठांची मागे ठेवली, तरी पट्टी तेवढीच चालली आणि थांबली. जणू कुणी उंबऱ्यात आडवा हात धरून उभं होतं. त्यांनी दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, ‘‘अंकल, व्हायरस होगा. आप ऐसा करो, पूरा सिस्टिम उठा के ले आओ, एक रात रखेंगे, सुबह ले जाना.’’ एक रात कशाला? एका रात्रीत काय काय उतरवून घेता येतं हे उटगीकरांना आता कळत होतं. आणि उद्या त्यानं विचारलं, अंकल, ये किस मिल का माल है, तर? ‘‘देखते हैं,’’ म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि डिस्कमधली एकूण एक गोष्ट बारकाईनं पाहायला बसले, आणि तेव्हा त्यांना ते फोल्डर दिसलं. त्यांनी केलेलं नव्हतं. नाव इंग्रजीत, अमिता. उघडायला गेले तर पासवर्ड मागू लागलं.

अमिता म्हणजे त्यांची सून. महूची मुलगी, वडील तिथं छावणीतल्या शाळेत मास्तर होते. आशिष पहाटेच्या बसनं पीथमपूरच्या कारखान्यात जाई, आणि अमिता स्कूटीवरून एका रेडीमेड कपड्यांच्या कंपनीच्या ऑफिसात. लहान मुलांचे फ्रॉक, शर्ट. कंपनीचं कपड्याशी नातं होतं ही गोष्ट उटगीकरांना आतापर्यंत फार आवडत असे. घरात पुन्हा कुणी कपड्याची गोष्ट करतंय, चिंधी बोटात धरून पोत बघतंय, याचा त्यांना आनंद व्हायचा. अमिताही संध्याकाळी चहा घेताना त्यांच्या मागे उभी राहून पडद्यावरची डिझाइनं बघायची. ‘‘बाबा, ये वाला तर एकदम मस्त आहे. आमच्याकडे असलं कोणी काढूनच नाही राहिलं आता.’’ तेव्हा ते वाक्य कानाला गोड लागलं होतं. आता ते त्यांनी मनात पुन्हा वाजवून पाहिलं तेव्हा त्यातला आमच्याकडे हा शब्द वेगळा वाजला. आमच्याकडे म्हणजे कुठे? त्या रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘त्या नव्या डिस्कवर तुझं काही आहे का गं?’’

‘‘हो बाबा. ऑफिसचं थोडं सामान ठेवलंय. विचारणारच होते, पण तुम्ही झोपून राहिले होते. काढू का?’’

‘‘नाही, राहू दे. आणि त्याला कुलूप कशाला?’’

‘‘सरांनी सांगितलंय.’’ तिनं आशिषच्या पानात भाजी वाढली. ‘‘कंपनीचं आहे ना.’’

एवढंच. उत्तर साधं होतं, आणि साधं होतं म्हणूनच त्यांना ते पुरलं नाही. घास चावताना ते तिच्या बोटांकडे बघत राहिले. कुलपाबद्दल सांगताना ती अडखळली नव्हती, डोळे चुकवले नव्हते. पण सराईत माणूस डोळे चुकवतच नाही. मिलच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी हे पाहिलं होतं. रोज एका डब्यात जेवणारी माणसं. त्यातला कोण वर जाऊन काय सांगतोय ते कुणालाच माहीत नसायचं, आणि कुणीच डोळे चुकवत नसे. त्या दिवसांत डब्यातल्या लोणच्याची चवसुद्धा बदलली होती. तीच चव आता घरच्या ताटात आली, आणि त्यांनी पाणी मागितलं.

रविवारी सुहासिनीनं आग्रह करून त्यांना लालबागेतल्या प्रदर्शनाला नेलं. मैदानावर तंबू, कचोरीचा वास, लाउडस्पीकर, धूळ. सुहासिनी लोणच्याच्या बरण्यांपाशी थांबली आणि उटगीकर उगाच पुढे चालत गेले, आणि चादरींच्या एका गाळ्यासमोर थांबले. दोरीवर टांगलेल्या चादरीच्या काठावर चिंचपान होतं. रंग भडक, छपाई गचाळ, पण पान त्यांचंच; डावीकडे किंचित कललेलं देठ, कारण ते काढलं त्या दिवसांत त्यांचं मनगट दुखत होतं आणि देठ तसंच वळत होतं. त्यांनी चादरीचा काठ हातात घेतला आणि सांधा शोधला. सांधा स्पष्ट दिसत होता. नकलणाऱ्याला तो जमला नव्हता. त्यांना एक विचित्र समाधानही वाटलं, की पाहा, जमलं नाही.

‘‘ये डिझाइन कहां का है?’’ त्यांनी विचारलं.

‘‘अपना ही है, भिया. नया माल है, इसी सीझन का. डबल बेड दिखाऊं?’’

नवा माल, याच सीझनचा. डिझाइन कॉम्प्युटरमध्ये गेलं ते गेल्या हिवाळ्यात. अमिता मागे उभी राहून म्हणाली होती, ये वाला मस्त आहे, ते याच काठाला की दुसऱ्या? आठवेना. मग आठवलं, याच काठाला. मग वाटलं, आपण आठवण ओढून आणतोय. पण ओढून आणलेली असो की आपली आपण आलेली, एकदा डोक्यात बसली की तिला कोण उठवणार? परतताना रिक्षात सुहासिनी विचारत होती, इतके गप्प का, आणि ते म्हणाले, ऊन लागलं. त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काहीतरी बोलली असती, आणि त्यांना तिच्या बोलण्याचीच भीती वाटत होती. त्यांचा संशय सुहासिनीच्या साध्या शहाणपणापुढे टिकला नसता, आणि आता तो टिकावा असं त्यांना वाटू लागलं होतं. संशयालासुद्धा माणूस जपायला लागतो. त्याला दिवसभर काम मिळतं.

त्या आठवड्यात एका दुपारी अमिता डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आली आणि थेट न्हाणीघरात गेली. सुहासिनी शेजारी द्वारकाबाईंकडे पापड लाटायला गेली होती. अमिताची पर्स खुर्चीवर होती. नळाचा आवाज येत होता. उटगीकर उठले ते पाणी प्यायला. खुर्चीपाशी थांबले. पर्सची चेन अर्धी उघडी होती, म्हणून पुढचं सोपं झालं. आत हात घातला आणि त्याच क्षणी त्यांना मिलच्या फाटकावरचे जयसिंगराव आठवले. सुटीच्या भोंग्यानंतर फाटकाच्या अरुंद वाटेतून एकेक माणूस बाहेर सोडायचे आणि जयसिंगराव जमादार प्रत्येकाच्या बगला, कंबर, पाय चाचपायचे. मोठे, कोरडे हात. घराण्यात होळकरांच्या पलटणीतली चाकरी. झडती घेतानाही अदब असायची. बाबूलोकांना ते हलकेच चाचपत, पण सोडत कुणालाच नसत. उटगीकरांनी इतकी वर्षं ते हात अंगावरून फिरू दिले आणि रोज फाटकाबाहेर पडल्यावर सायकलवर बसायच्या आधी शर्ट झटकला, जणू काही चिकटलं होतं. आणि त्या शेवटच्या दिवसांत, शर्टाआड कागद असताना, एकदा जयसिंगरावांचा तळवा त्यांच्या पोटावर थांबला होता. कागद करकरला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मागची रांग ओरडत होती. मग तो तळवा उचलला गेला आणि जयसिंगराव म्हणाले, ‘‘जा साहेब, घरी लोक वाट पाहत असतील.’’

उटगीकरांचा हात पर्समध्ये तसाच होता. रुमाल. टिकल्यांचं पाकीट. डोकेदुखीच्या गोळ्या. स्कूटीची किल्ली. तळाशी बोटाएवढा एक पेनड्राइव्ह. तो त्यांनी बाहेर काढला. नळ चालूच होता, किंवा त्यांना तसं वाटलं. कॉम्प्युटरला लावला. फोल्डर उघडलं. फ्रॉक. लहान मुलींचे फ्रॉक, हँगरवर, एकामागून एक. कॉलर. खिशावरचं बदक. शर्टाच्या कफाचा जवळून घेतलेला फोटो. त्यांनी खाली, आणखी खाली पाहिलं. आणखी फ्रॉक. चिंचपान कुठेच नव्हतं, आणि एखाद्या वेळी ते सापडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटून त्यांना घाम फुटला.

‘‘बाबा, काय हवं होतं?’’

अमिता दारात उभी होती. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. तिची नजर आधी पर्सकडे गेली, मग पडद्याकडे, मग त्यांच्याकडे. ती ओरडली असती तर त्यांना काहीतरी बोलता आलं असतं. ती थांबली होती. उत्तरासाठी खरोखरच थांबली होती.

‘‘जागा नाही म्हणतंय,’’ ते म्हणाले. ‘‘डिस्क. रिकामी आहे तरी भरली म्हणतंय. मला वाटलं...’’

‘‘काय वाटलं?’’

त्यांनी सांगितलं. लालबागेतली चादर, देठ, हिवाळा, कुलूप. सांगताना प्रत्येक गोष्ट तोंडातून बाहेर पडली की लहान होत होती. अमितानं सगळं ऐकलं. मग ती त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली, त्यांच्या हाताखालून माउस घेतला, आणि डिस्कवरचं ते फोल्डर पासवर्ड घालून उघडलं. त्यातही फ्रॉक होते. ‘‘सरांना वाटतं दुसरे लोक डिझाइन उडवतात,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून लॉक. ऑफिसातून निघताना ते आमचे पण पेनड्राइव्ह चेक करतात.’’ आवाज सपाट होता. मग तिनं विचारलं, ‘‘तुम्ही बॅकअप एकाच फाइलमध्ये घेऊन राहिले ना?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘सगळे डिझाइन मिळून एकच मोठी फाइल बनते. ही डिस्क दुकानातून जुन्या पद्धतीनं फॉरमॅट होऊन येते. तिच्यावर जागा कितीही असू दे, एक फाइल चार जीबीच्या वर ती घेतच नाही. मग बॅकअप अडतो आणि जागा नाही म्हणतो. त्याला दुसरं बोलता येत नाही. आमच्याकडे पण झालं होतं.’’ तिनं माउस सोडला. ‘‘विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.’’

तिनं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि पांढऱ्या अक्षरांत काहीतरी टाइप केलं. त्याआधी एक केलं. आपलं फोल्डर डिस्कवरून उचललं आणि पेनड्राइव्हवर ठेवलं. ‘‘माझं सामान काढून घेते,’’ ती म्हणाली. उटगीकर म्हणणार होते की राहू दे, जागा भरपूर आहे. अक्षरं पडद्यावर वर वर सरकत होती. तिच्या केसांतून पाण्याचा एक थेंब टेबलावर पडला. तिनं तो कोपरानं पुसला. डिस्कची पद्धत बदलली, आतलं काही पुसलं गेलं नाही. मग तिनं बॅकअप लावला आणि दोघं पट्टीकडे बघत बसले. नेहमीची जागा आली. उटगीकरांचे खांदे आपोआप आवळले गेले. पट्टी पुढे गेली. पुढे जात राहिली. सगळी डिझाइनं उतरली. तिनं ती तपासून घेतली, एक फाइल उघडून दाखवली. नेमकं चिंचपान उघडलं की सहज तेच हाताला लागलं, ते त्यांना कळलं नाही. ‘‘झालं,’’ ती म्हणाली. पेनड्राइव्ह काढला, पर्समध्ये टाकला आणि केस पुसत आत गेली.

संध्याकाळी त्यांनी सुहासिनीला सांगितलं. ऐकून तिनं एवढंच विचारलं, ‘‘चिंचपानाची चादर मिलनं किती वर्षं छापली?’’

‘‘पुष्कळ.’’

‘‘मग ती घराघरांत अंथरलेली आहे. हातोदच्या माझ्या मामांकडे अजून आहे. कुणालाही नक्कल करायची तर पलंगावरची उचलून न्यायची. त्याला तुमचा कॉम्प्युटर कशाला पाहिजे, आणि माझी सून कशाला पाहिजे?’’ माझी सून, असं म्हणाली. एरवी आपली म्हणायची.

अमितानं आशिषला सांगितलं नाही. निदान आशिषच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. तो पीथमपूरहून थकून येई, जेवताना कारखान्यातल्या गमती सांगे, आणि उटगीकर त्याच्या हसण्याच्या आतबाहेर बघत. याला माहीत आहे का? माहीत असून हा हसतोय का? अमिता पूर्वीसारखीच वागत होती. त्यांना गरम पोळी वाढायची, औषधाची आठवण द्यायची. फक्त पडद्यावरचं डिझाइन बघायला मागे येऊन उभी राहत नव्हती, आणि बोलण्यात जी लागला होता. हो जी, बाबा. येते जी. महूच्या मुलीचं ते वळण म्हणावं, तर आधी नव्हतं. आणि ऑफिसातून आली की ती पर्स आता आपल्या खोलीत नेत नव्हती. कॉम्प्युटरच्या टेबलावर, त्यांच्या हाताशी ठेवायची, चेन पूर्ण उघडून, आणि हातपाय धुवायला जायची. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, चुकून. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची सरकवली आणि पाठ केली. पर्स मागे उघडी आहे हे त्यांच्या पाठीला कळत होतं. रुमालाचा, गोळ्यांचा, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास यायचा. नको गं, असं म्हणायला ते रोज तोंड उघडायचे, पण नको म्हणायचं तर कशाला नको ते सांगावं लागलं असतं. आणि ती म्हणाली असती, काय झालं जी, नुसती ठेवलीय.

एका संध्याकाळी त्यांना ते सहन झालं नाही. ती आत गेली, न्हाणीघराचं दार वाजलं, आणि त्यांनी ठरवलं की निदान चेन लावून ठेवावी. एवढं तरी. ती परत येईल, बंद पर्स बघेल, आणि न बोलता जे चाललंय ते न बोलताच मिटेल. त्यांनी पर्स जवळ ओढली. चेनच्या दात्यांत रुमालाचं टोक अडकलं होतं, म्हणून ते आत ढकलायला दोन बोटं घातली, आणि टोक सुटेना म्हणून आणखी थोडा हात घातला.

सुहासिनी चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते त्यांना कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यावर कुणी ओळखीचं वाटावं आणि जवळ गेल्यावर नसावं, तशी ती बघत होती.

‘‘अजून?’’ ती म्हणाली.

त्यांनी हात बाहेर काढला. हातात रुमाल आला होता. ‘‘मी बंद करत होतो,’’ ते म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना स्वतःलाच खोटा वाटला. सुहासिनीनं पुढे येऊन चहा टेबलावर ठेवला, त्यांच्या हातातून रुमाल घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला, आणि पर्स उचलून छातीशी धरून आत निघून गेली.